नऊ पंख्यांची नौका

आयर्लंड देशात पार्सन्सटाउन नावाचे एक लहानसे गाव होते. तेथील किल्लेवजा वाड्याच्या बागेत १८४५ साली एक प्रचंड दुर्बीण उभी राहिली. तिच्या आरशाचा व्यास ६ फूट होता, आणि पुढे सत्तर वर्षे तिच्याहून मोठी दुर्बीण जगात कोठेही झाली नाही. वाड्याचे धनी लॉर्ड रॉस यांनी ती आपल्याच भट्टीत धातू ओतून तयार केली होती. या उमरावाचा सर्वांत धाकटा मुलगा म्हणजे चार्ल्स पार्सन्स. त्याचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडन येथे झाला. परंतु त्याचे बालपण गेले ते या वाड्यात. त्याला शाळेत घातले नाही. शिकवावयास घरीच शिक्षक येत, आणि उरलेला वेळ वडिलांच्या कारखान्यात हत्यारांशी खेळण्यात जाई.

पुढे त्याने केंब्रिज विद्यापीठात गणिताचा अभ्यास केला व १८७७ साली पदवी मिळविली. उमरावाच्या मुलाने अशा वेळी जमीनजुमल्याकडे पाहावे किंवा सरकार-दरबारी मान मिळवावा, ही त्या काळची रीत. चार्ल्सने मात्र न्यूकॅसल शहरातील आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली आणि तेलकट कपड्यांत लोखंडाशी झुंज सुरू केली.

त्या काळी वाफेचे इंजिन म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्यांचे अवजड यंत्र असे. दट्ट्या दर खेपेस थांबतो आणि उलट फिरतो. त्यामुळे यंत्राला हादरे बसतात व वेगाला मर्यादा पडते. त्याऐवजी वाफेच्या झोताने पात्यांचे चाक सरळ फिरविता येणार नाही काय, हा विचार पुष्कळांनी केला होता. परंतु वाफ एकदम मोकळी सोडली, तर तिचा वेग इतका भयंकर होतो की कोणत्याही चाकाला तो झेपत नाही. पार्सन्सने वाफेचा दाब एका उडीत न उतरविता पात्यांच्या अनेक ओळींतून पायरीपायरीने उतरविला. १८८४ साली तयार झालेले त्याचे पहिले टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेत असे. त्यावर वीज उत्पन्न होऊ लागली. पुढे भागीदारांपासून वेगळे होऊन त्याने स्वतःचा कारखाना काढला. आणि मग हेच यंत्र आगबोटीत बसवावयाचे, असे त्याच्या मनाने घेतले.

२ ऑगस्ट १८९४ रोजी त्याची 'टर्बिनिया' ही नौका पाण्यात उतरली. लांबी सुमारे १०० फूट आणि रुंदी अवघी ९ फूट, अशी ती सुरीच्या पात्यासारखी सडपातळ होती. तिच्यासाठी त्याने आपल्या मित्रांचे व इतर भांडवलदारांचे पैसे गुंतविले होते. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला टाइन नदीतून तिची पहिली चाचणी झाली. टर्बाइन भरवेगाने फिरले. पण नौका काही वेग घेईना. त्या काळी जुन्या पद्धतीच्या इंजिनांची नवी लढाऊ नौका ताशी २७ नॉट वेग गाठत असे. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. टर्बिनिया तेथवर पोहोचेना.

येथे आगबोटीच्या पंख्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा पंखा हे एक प्रकारचे मळसूत्रच होय. स्क्रू लाकडात पिळला, की दर फेऱ्यास तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही तसाच पाण्यात पुढे सरकू पाहतो. परंतु पाणी म्हणजे लाकूड नव्हे. ते मागे सरते, आणि काही गती फुकट जाते. पात्यांना पीळ कमी असेल, तर इंजिन वृथा धावत सुटते. पीळ फार असेल, तर ते धापा टाकू लागते. म्हणून पंख्याचा व्यास, पात्यांची रुंदी आणि त्यांचा पीळ ही तिन्ही मापे इंजिनाशी व बोटीशी जुळावी लागतात. टर्बिनियाच्या पहिल्या पंख्याची जवळजवळ निम्मी गती फुकट जात होती!

पार्सन्सने पंखा बदलला. तो जमेना, तेव्हा दुसरा बसविला. एकाच दांड्यावर तीन पंखेही लावून पाहिले. कित्येक चाचण्या झाल्या. परंतु वेग १९.७५ नॉटांच्या पुढे जाईना. आता नव्या यंत्रालाच दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पार्सन्सने तसे केले नाही. इंजिनाकडून दांड्याला प्रत्यक्ष किती जोर मिळतो, हे मोजणारे साधन त्याने स्वतः तयार केले. मोजणीत असे आढळले, की टर्बाइन आपले काम चोख बजावीत आहे. म्हणजे दोष पंख्याचा होता. पण कोणता?

ते पाहण्यासाठी त्याने १८९५ साली तांब्याची एक बंद नळी बनविली, तिच्यात पाणी भरले व आत अवघा दोन इंच व्यासाचा पंखा बसविला. नळीला काचेच्या खिडक्या होत्या. फिरणारा पंखा स्थिर दिसावा म्हणून दर फेऱ्यास नेमक्या क्षणी त्यावर प्रकाशाचा झोत पडेल, अशी आरशाची योजना त्याने केली. मग जे दिसले ते असे: पंखा फार वेगाने फिरू लागला, की पात्यांच्या पाठीवर पाण्याचा दाब अतिशय कमी होई. दाब पुरेसा कमी झाला, की थंड पाणीही उकळते. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळते ते याच कारणाने. पात्यांच्या पाठीशी अशी वाफेची पोकळी तयार होत होती, आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळीतच गरगरत होता. ही पोकळी 'डेअरिंग' नावाच्या लढाऊ नौकेवर इतर इंजिनियरांच्याही लक्षात आली होती. पण पार्सन्सने ती डोळ्यांना दिसेल अशी केली.

अडचण अशी, की टर्बाइनला वेग हवा आणि पाण्याला तो सोसत नाही. यावर पार्सन्सने काढलेला मार्ग मोठा धाडसी होता. त्याने जुने टर्बाइन काढून टाकले आणि तीन नवी टर्बाइने तीन वेगळ्या दांड्यांना जोडली. वाफ एकीतून दुसरीत व दुसरीतून तिसरीत जाई. प्रत्येक दांड्यावर तीन, असे १८ इंच व्यासाचे एकूण नऊ पंखे त्याने बसविले. सारा जोर नऊ जणांत वाटला गेल्यामुळे कोणत्याही एका पात्यावर जादा भार पडेना. एप्रिल १८९७ मधील चाचणीत टर्बिनियाने ३२ नॉटांहून अधिक वेग गाठला.

त्याच वर्षी २६ जून रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याबद्दल स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन भरले होते. दीडशेहून अधिक युद्धनौका रांगा धरून उभ्या होत्या. त्या रांगांमधून ही चिमुकली नौका सर्वांदेखत सुसाट निघाली. गस्तीच्या नौकांनी तिला गाठण्याची शिकस्त केली, पण व्यर्थ!

यश मिळाले, तरी मार्ग निष्कंटक नव्हता. टर्बाइनवर चालणाऱ्या 'व्हायपर' व 'कोब्रा' या पहिल्या दोन युद्धनौका १९०१ साली बुडाल्या. व्हायपर धुक्यात खडकावर चढली. कोब्रा समुद्रात दुभंगली आणि तिच्याबरोबर पार्सन्सची काही कुशल माणसेही गेली. दोष टर्बाइनचा नव्हता, परंतु ते लोकांना पटविणे कठीण होते. पार्सन्स नेटाने काम करीत राहिला. १९०६ साली 'ड्रेडनॉट' ही बलाढ्य युद्धनौका आणि १९०७ साली 'मॉरेटानिया' ही प्रचंड प्रवासी बोट त्याच्या टर्बाइनवर समुद्रात गेल्या.

मंद चालीच्या मालवाहू बोटींचा प्रश्न मात्र उरला होता. तो सोडविण्यासाठी त्याने 'व्हेस्पेसियन' नावाची जुनी बोट विकत घेतली. तिचे इंजिन काढून टर्बाइन बसविले आणि टर्बाइन व पंखा यांच्यामध्ये दातेरी चाके घातली. १९१० साली या बोटीचे टर्बाइन मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेई, तर पंखा अवघे सत्तर! दोघांनाही आपापली चाल मिळाली, आणि कोळशाची बचत झाली ती वेगळीच. त्यासाठी नवा पंखा करावा लागला नाही. बोटीचा जुनाच पंखा पुरला.

सर चार्ल्स पार्सन्स यांचे ११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमेका बेटाच्या किंग्स्टन बंदरात, बोटीवरच निधन झाले. टर्बिनिया न्यूकॅसलच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.