मुलांच्या दारी गेलेली शाळा

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगांमध्ये अनेक लहान लहान गावे वसलेली आहेत. सकाळच्या वेळी त्यांपैकी कोणत्याही गावातून फेरफटका मारावा. कोठून तरी चिमुकल्या मुलांच्या गाण्याचा आवाज हमखास कानी पडतो. तो असतो गावच्या अंगणवाडीतून येणारा. तेथे एक सेविका मुलांना गोष्ट सांगत असते आणि तिची मदतनीस एखाद्या रडणाऱ्या बालकाला कडेवर घेऊन समजावीत असते. महाराष्ट्रात अशा अंगणवाड्या आज एक लाखाहून अधिक आहेत. परंतु शाळा ही अंगणातही भरू शकते, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या दारी जावे, हा विचार महाराष्ट्रात प्रथम रुजला तो धाराशिवपासून फार दूर, पश्चिमेच्या समुद्रकाठी, आदिवासींच्या पाड्यांत. तो रुजविण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्यांपैकी एक म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. अनुताईंचेही लग्न वयाच्या तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. ज्या वयात मुली सागरगोटे खेळतात, त्या वयात त्यांच्यापुढे सारे आयुष्य एखाद्या ओसाड माळासारखे पसरले. विधवा मुलीने घराच्या एका कोपऱ्यात बसून दिवस कंठावे, अशीच तेव्हाची रूढी होती. परंतु ही मुलगी त्या कोपऱ्यात बसून राहिली नाही. तिने पुन्हा पुस्तक हाती घेतले. १९२९ साली प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे करून त्या शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यात काही वर्षे काम केल्यावर त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन विद्यार्थिनी व्हावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. अशा रीतीने १९३७ साली त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

पुण्यासारखे शहर, नावाजलेली शाळा आणि कायमची नोकरी, एवढे मिळाल्यावर दुसरे कोणी समाधान मानले असते. परंतु खेड्यात जाऊन काम करावे, ही ओढ अनुताईंना स्वस्थ बसू देत नव्हती. १९४४ साली कस्तुरबा गांधींचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या सेविका तयार करण्याचे ठरले. १९४५ साली मुंबईजवळ बोरिवली येथे त्यासाठी एक शिबिर भरले. अनुताई त्या शिबिरात दाखल झाल्या. याच सुमारास त्यांची आणि ताराबाई मोडक यांची गाठ पडली, आणि अनुताईंच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

ताराबाई वयाने अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या होत्या. बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव तेव्हाच सर्वतोमुखी झाले होते. इटली देशात मारिया माँटेसरी या विदुषीने १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत मुलांसाठी एक शाळा काढली होती. लहान मूल हे मातीचा गोळा नसून ते आपल्या हातांनी, डोळ्यांनी आणि कानांनी आपण होऊन शिकत असते, हे तिने जगाला दाखवून दिले. हाच विचार गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी आपल्या बालमंदिरात आणला, आणि ताराबाईंनी तेथे त्यांच्याबरोबर काम केले. पुढे मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार चालविला. परंतु एक प्रश्न त्यांच्या मनाला सतत टोचीत असे. या पद्धतीची साधने महाग, शाळाही शहरांतल्या. मग खेड्यांतल्या गरीब मुलांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी आल्या. १९४५ च्या अखेरीस तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्या केंद्रात ताराबाईंच्या सहकारी म्हणून अनुताई रुजू झाल्या.

बोर्डी हे गाव समुद्रकाठी आहे. डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. गावात नारळी-ताडाची झाडे आणि चिकूच्या वाड्या. परंतु गावाबाहेर पडून डोंगराच्या बाजूस वळले की वारली लोकांचे पाडे लागत. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींच्या झोपड्या, नागली आणि भात यांची थोडीशी शेती आणि सावकाराचे कर्ज, हेच तेथील जीवन होते. अनेकांना जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. १९४५ च्या मे महिन्यात झरी या गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध त्यांचा लढा सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच लोकांच्या मुलांसाठी बालवाडीची पाटी लागली.

बालवाडी उघडली, गावातील मुले येऊ लागली. परंतु पाड्यांवरची मुले येईनात. ती का येत नाहीत, याचा शोध घेणे हे अनुताईंचे पहिले काम ठरले. त्या पायी पाड्यांवर जाऊ लागल्या. पाड्यावरच्या लोकांच्या दृष्टीने बाहेरचा माणूस म्हणजे बहुधा सावकाराचा कारकून किंवा जंगलखात्याचा शिपाई. त्यामुळे त्या येताना दिसल्या की मुले झोपडीत पळत आणि बायका दाराआड होत. अनुताई रागावल्या नाहीत. मुलाला शाळेत पाठवा, असा उपदेशही त्यांनी केला नाही. कोण कोणत्या कामाला जाते, घरी मागे कोण राहते, मुले काय खातात, हे त्या पाहत राहिल्या.

तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की मुले आळशी नाहीत. उलट त्यांना शाळेत येण्यास सवडच नाही. आईबाप पहाटे मजुरीला जात. मग सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेई आणि दिवसभर त्याला सांभाळी. थोडा मोठा मुलगा गुरे घेऊन रानात जाई. शाळेची घंटा होई तेव्हा ही मुले आपापल्या कामावर असत. दोष मुलांचा नव्हता. शाळाच त्यांच्या जीवनापासून दूर उभी होती.

एकदा दुखणे कळले की औषध शोधणे सोपे जाते. मुले येत नाहीत, तर शाळेने पाड्यात जावे, असे ताराबाईंनी आणि अनुताईंनी ठरविले. एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण हाच वर्ग झाला. झाडाची सावली हेच छप्पर झाले. पाटी-पुस्तक लगेच काढायचे नाही, असा नेम होता. आधी मुलांची तोंडे धुवायची, नखे काढायची, केस विंचरायचे, खरजेला औषध लावायचे. दुसऱ्याच्या मुलाचे शेंबडे नाक स्वच्छ पुसणे हे काम पाहण्यास लहान. परंतु त्या लहान कामानेच पाड्याच्या मनाचे दार उघडले. आपल्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई परकी कशी असेल, असे त्या मातांना वाटू लागले.

मग खेळ आणि गाणी आली. माँटेसरींच्या शाळेतील सुबक लाकडी साधने पाड्यात कोठून आणणार? परंतु ती साधने ज्यासाठी होती, तो हेतू अनुताईंनी नीट ओळखला होता. मुलाच्या बोटांना वळण लागावे, डोळ्यांना रंग व आकार यांतील भेद कळावा, कानांनी बारीक आवाज टिपावा, एवढेच तर साधायचे होते. समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, खडे, काड्या, पाने, फुले हे सारे फुकट आणि विपुल होते. लहान-मोठे शिंपले ओळीने मांडता मांडता मुलांना लहान-मोठे कळू लागले. चिंचोके मोजता मोजता अंक आले. पानांच्या राशी करताना आकार आले. मुलांची बोली पुस्तकी मराठीहून निराळी होती. अनुताईंनी त्या बोलीला हसण्याऐवजी ती ऐकली, तिच्यातील शब्द आपलेसे केले आणि त्या शब्दांच्या बोटाला धरून मुलांना हळूहळू प्रमाण भाषेकडे नेले.

बोर्डीत सुमारे दहा-बारा वर्षे काम झाल्यावर हे केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. येथे भोवताली सारे आदिवासी पाडेच होते, आणि कामाला खरा बहर आला. भावंड सांभाळणाऱ्या मुलीचा प्रश्न अजून पुरता सुटला नव्हता. तिला शाळेत आणावे तर कडेवरचे मूल कोणाकडे द्यावे? यावर तोडगा निघाला तो असा: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच ठिकाणी भरवाव्यात. तान्हे मूल पाळणाघरात झोपले, त्याहून मोठे बालवाडीत खेळले, आणि त्यांची थोरली बहीण शेजारच्या वर्गात निर्धास्तपणे अक्षरे गिरवू लागली. या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले. बहिणीला भावंडाच्या ओझ्यातून काही तास तरी मोकळीक देणारी ती शाळा होती.

गुराख्यांसाठी आणखी निराळी युक्ती योजली. गुरे सोडून ती मुले शाळेत येऊ शकत नव्हती; गुरे कोणाच्या शेतात शिरली तर मार त्यांनाच बसे. तेव्हा शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली गोष्टी, गाणी, गणित आणि अक्षरओळख चाले. हिचे नाव कुरणशाळा. जो दिवसा कामात असेल त्याच्यासाठी रात्री वर्ग भरे. अशा रीतीने एक शाळा अनेक रूपे घेऊन एकेका मुलाला गाठू लागली.

हे सर्व एकट्यादुकट्याने होणारे नव्हते. म्हणून गावोगावच्या मुली व स्त्रिया यांना बालसेविकेचे शिक्षण देण्याचे कामही कोसबाडला चाले. बालवाडीत काम करणाऱ्या बाईला मोठ्या पदव्या नसल्या तरी चालेल. परंतु तिचे हात स्वच्छ, आवाज गोड आणि मन धीराचे असले पाहिजे, अशी अनुताईंची दृष्टी होती. अनुभवाने जे कळले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. स्वतःचे शिक्षणही त्यांनी थांबविले नाही. १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे अनुताई त्यांच्या सहकारी होत्या. योजना पुष्कळदा ताराबाईंच्या असत आणि त्या पाड्यापाड्यांतून उभ्या करण्याचे कष्ट अनुताईंचे असत. सहकारी म्हणून राहण्यात अनुताईंना कधी कमीपणा वाटला नाही. घराचा आराखडा काढणारा जितका महत्त्वाचा, तितकीच महत्त्वाची पायाच्या दगडावर दगड रचणारी माणसेही असतात. ताराबाई गेल्यावर सारी जबाबदारी अनुताईंवर आली, आणि ती त्यांनी पुढे एकोणीस वर्षे निभावली.

दरम्यान देशात एक महत्त्वाची गोष्ट घडली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी, आरोग्यासाठी व शिक्षणासाठी एक योजना ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्यातील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या पाड्यांत अंगणात भरणाऱ्या बालवाडीशी या नावाचे नाते सहज दिसून येते. पुढे ही योजना देशभर पसरली.

उतारवयात अनुताईंकडे मानसन्मान आपण होऊन चालत आले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. परंतु त्यांचे घर शेवटपर्यंत कोसबाडची टेकडी हेच राहिले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली.

तेराव्या वर्षी जिचे आयुष्य संपले असे लोकांनी मानले होते, त्या मुलीने ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य असे सार्थकी लावले. तिला स्वतःचे मूल नव्हते. परंतु ज्यांची नखे तिने काढली, ज्यांचे केस तिने विंचरले, अशा मुलांची गणती कोण करणार? आजही एखाद्या दूरच्या वाडीत सकाळी कोणी मदतनीस अंगणवाडीचे अंगण झाडते, घरोघरी जाऊन मुलांना बोलावते, आणि मागे राहिलेल्या एखाद्या लाजऱ्या मुलाचा हात धरून त्याला घेऊन येते. अनुताईंनी पाड्यांतून चालून जी वाट पाडली, त्याच वाटेने ती चालत असते.