समुद्राचं पाणी गोड करणारा डॉक्टर

क्रूझ शिपचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. स्विमिंग पूल, थिएटर, रात्रीची रोषणाई, सगळं कसं झकास! पण एक साधा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तीन-चार हजार माणसं आठवडाभर भर समुद्रात राहतात, तीन वेळा जेवतात, रोज आंघोळ करतात. एवढ्या माणसांना प्यायला पाणी येतं कुठून?

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. तो सुट्टीवर आला की त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडणं हा माझा आवडता उद्योग. त्यानं सांगितलं की बंदरात टाक्या भरून घेतातच, पण बरंचसं पाणी जहाज चालता चालता स्वतःच तयार करतं, तेही समुद्राच्याच पाण्यापासून. ही कल्पना जहाजावर आणली कोणी, हे शोधायला मी लायब्ररीत बसले आणि गाठ पडली ती एका डॉक्टरशी! त्यांचं नाव जेम्स लिंड. लिंबू आणि स्कर्व्हीच्या गोष्टीमुळे हे नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. पण याच माणसानं पाण्यासाठी काय केलं, ते फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

जेम्स लिंड यांचा जन्म १७१६ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी ते एका सर्जनच्या हाताखाली शिकायला राहिले. त्या काळी कॉलेजात न जाता असंच काम करत करत शिकायची पद्धत होती. १७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात सर्जनचे मदतनीस म्हणून लागले. भूमध्य समुद्र, आफ्रिकेचा गिनी किनारा, वेस्ट इंडीज अशी बरीच वर्षं त्यांनी समुद्रावर काढली.

ते समुद्रावरचं आयुष्य म्हणजे काय होतं, याची आज आपल्याला कल्पनाही करता येणार नाही. पिण्याचं पाणी लाकडी पिंपांत भरलेलं असायचं. काही आठवड्यांत त्यावर हिरवं शेवाळ चढायचं, वास मारायला लागायचा. खलाशी नाक दाबून तेच प्यायचे. म्हणून तर जहाजावर बिअर आणि रमचा रतीब असायचा, कारण ती पाण्यापेक्षा जास्त टिकायची. वारा पडला आणि जहाज समुद्रात अडकून राहिलं, की पाण्याचं माप कमी व्हायचं. आजूबाजूला अथांग समुद्र, आणि माणसाला मिळणार मोजून एक-दोन पेले!

कोणी म्हणेल, मग समुद्राचंच पाणी थोडं थोडं प्यायला काय हरकत आहे? हरकत अशी की समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं एवढी खारट लघवी तयारच करू शकत नाहीत. म्हणजे एक पेला खारं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला एका पेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं. पिणारा माणूस आणखीनच कोरडा पडत जातो. जमाखर्चच तोट्याचा!

आता त्या प्रसिद्ध प्रयोगाकडे येऊ. मे १७४७. लिंड तेव्हा ‘सॅलिसबरी’ नावाच्या युद्धनौकेवर सर्जन होते. जहाजावर स्कर्व्हीची साथ होती. हिरड्या सुजून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग, पाय उचलवत नाही, अशी अवस्था. लिंड यांनी शक्य तितके सारख्या लक्षणांचे बारा रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. कोणाला सफरचंदाची सायडर, कोणाला सौम्य गंधकाम्ल, कोणाला व्हिनेगर, कोणाला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला दोन संत्री आणि एक लिंबू. सहावी जोडी बिचारी सगळ्यांत कमनशिबी. त्यांना रोज अर्धा पिंट, म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त, समुद्राचं पाणी!

सहा दिवसांत जहाजावरची फळं संपली. पण तेवढ्यातच संत्री-लिंबू खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर हजर झाला आणि दुसरा इतर रोग्यांची शुश्रूषा करू लागला. सायडरवाल्यांना किंचित उतार पडला. बाकीच्यांची परिस्थिती जैसे थे. आज औषधांच्या ज्या तुलनात्मक चाचण्या होतात, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हा प्रयोग मोजला जातो. आपण लॅबमध्ये सगळे पॅरामीटर स्थिर ठेवून एकच बदलतो ना, तेच लिंड यांनी हलत्या जहाजावर केलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी नौदल सोडलं, एम.डी. केलं, आणि १७५३ मध्ये स्कर्व्हीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. १७५८ मध्ये ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्ट इथे हॅस्लर या नौदलाच्या भल्यामोठ्या हॉस्पिटलचे मुख्य वैद्य झाले. तेव्हा सात वर्षांचं युद्ध चालू होतं. त्या युद्धात, म्हणजे १७५६ ते १७६३ मध्ये, ब्रिटिश नौदलाचे लढाईत १,५१२ लोक मेले, आणि आजारानं मेलेले किंवा बेपत्ता झालेले होते १,३३,७०८! आकडा पुन्हा एकदा वाचा. शत्रूच्या तोफा परवडल्या, असंच म्हणायचं. आणि त्या आजारी माणसांच्या बोटीच्या बोटी लिंड यांच्या दारात येत होत्या.

इथे आपल्या पाण्याची गोष्ट सुरू होते. समुद्राचं पाणी उकळून वाफ धरली तर गोडं पाणी मिळतं, हे तसं जुनंच ज्ञान. समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन ती पुन्हा थंड झाली की गोड होते, असं अ‍ॅरिस्टॉटलनंसुद्धा नोंदवलंय. याला मराठीत ऊर्ध्वपातन म्हणतात. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा शब्द मला आजोबांकडून कळला. पण आहे की नाही भारी? ऊर्ध्व म्हणजे वर आणि पातन म्हणजे खाली पाडणं. सगळी प्रोसेस एका शब्दात!)

मग अडलं कुठे होतं? अठराव्या शतकातल्या विद्वानांची अशी पक्की समजूत होती की समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय काहीतरी कडवट, तेलकट द्रव्य असतं आणि ते वाफेबरोबर वर येतं. म्हणून उकळताना त्यात काहीतरी घातलंच पाहिजे. कोणी खडू घालायचा, कोणी दाहक क्षार आणि भाजलेल्या हाडांची पूड. प्रत्येकाची रेसिपी वेगळी आणि प्रत्येकाला वाटायचं आपलीच खरी. आता वादळात सापडलेल्या जहाजावर ही पूड आणायची कुठून?

लिंड यांनी १७६१ साली काय केलं, तर सरळ काहीच न घालता पाणी उकळून पाहिलं. वाफ थंड केली. मिळालेलं पाणी स्वच्छ आणि पिण्यालायक निघालं! पुढच्या वर्षी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं गेलं आणि लिंड यांनी ते छापूनही टाकलं. मला सगळ्यांत आवडलं ते त्यांचं यंत्र. जहाजावर वेगळं काही न्यायचंच नाही. स्वयंपाकाचं भांडं बॉयलर, त्यावर चहाची किटली उपडी घालून झाकण, बंदुकीची नळी म्हणजे वाफेचा पाइप, आणि ती नळी थंड पाण्यानं भरलेल्या पिंपातून नेली की झाला कंडेन्सर! युद्धनौकेवर बंदुका आणि पिंपांना काय तोटा? आपण याला जुगाड म्हणू, पण जीव वाचवणारा जुगाड.

मग उद्यापासून सगळी जहाजं स्वतःचं पाणी करू लागली का? नाही. कारण आपल्याला दुसऱ्या वर्षी शिकवलेली लेटंट हीट! एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल लागतात. मी सहज हिशेब करून पाहिला. एक किलो लाकडातून साधारण १५,००० किलोज्यूल उष्णता मिळते, पण उघड्या चुलीची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर हाती उरते जेमतेम एका लिटरपुरती. जहाजावर ३०० माणसं, माणशी ४ लिटर पाणी, म्हणजे रोज १,२०० लिटर. त्यासाठी रोज साधारण एक टन लाकूड जाळायला हवं. म्हणजे पाण्याऐवजी लाकडंच भरून न्यायची! त्यामुळे ही युक्ती रोजच्या पाण्यापेक्षा अडीअडचणीसाठी जास्त कामाची ठरली. पण पिंपं रिकामी झाल्यावर दिवसाला माणशी एक पेला मिळणं आणि न मिळणं, यात जगण्यामरण्याचं अंतर असतं.

श्रेयाचं म्हणाल, तर ते भलतीकडेच गेलं. १७७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं चार्ल्स आयर्विंग नावाच्या सर्जनला समुद्राचं पाणी गोड करण्याबद्दल ५,००० पौंडांचं बक्षीस दिलं. त्याच्या यंत्रात वाफेची रुंद नळी बाहेरून ओल्या फडक्यांनी सतत पुसून थंड ठेवायची होती. सुधारणा चांगलीच होती, पण काहीही न घालता उकळायचं हे मूळ तत्त्व लिंड यांनी दहा वर्षं आधी छापलेलं होतं. लिंड यांना बक्षीस मिळालं नाही. आयर्विंगचं यंत्र पुढे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीतही गेलं. मात्र कुकनं जानेवारी १७७३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे जाताना भलतीच शक्कल लढवली. त्यानं समुद्रात तरंगणारे बर्फाचे तुकडे गोळा करून वितळवले आणि गोडं पाणी मिळवलं. निसर्गानं आधीच मीठ वेगळं करून ठेवलं होतं.

आता या गोष्टीतला सगळ्यांत चटका लावणारा भाग. लिंबू-संत्री जहाजावर टिकत नाहीत, म्हणून लिंड यांनी त्यांचा रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून घट्ट पाक करायचा सल्ला दिला. त्याला ‘रॉब’ म्हणत. पण उष्णता आणि हवा यांनी व्हिटॅमिन सी नष्ट होतं. व्हिटॅमिन सी हा पदार्थच मुळी विसाव्या शतकात सापडला, तेव्हा ते लिंड यांना कळायचं कसं? ज्या आगीनं समुद्राचं पाणी गोड केलं, त्याच आगीनं लिंबाच्या रसातला जीव काढून घेतला. पाण्यात हवं ते वाफेबरोबर वर जात होतं आणि नको ते खाली राहत होतं. रसात मात्र जे हवं तेच नाहीसं होत होतं. रॉब घेऊन खलाशी बरे होईनात, तसा मूळ फळांवरचाही लोकांचा विश्वास डळमळला.

१७८३ मध्ये लिंड निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचाच मुलगा आला. १७९४ साली गॉस्पोर्टला त्यांचं निधन झालं. बरोबर पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, नौदलानं खलाशांना लिंबाचा रस द्यायचा हुकूम काढला. त्या बारा रोग्यांच्या प्रयोगाला तेव्हा ४८ वर्षं झाली होती! आपण रिझल्ट आठवडाभर लांबला तरी कासावीस होतो.

आणि पाणी? वाफेची इंजिनं आली तसं ऊर्ध्वपातन जहाजावर कायमचं राहायला आलं. आज मोठ्या जहाजावर इंजिन थंड करून आलेलं साधारण ८० अंशांचं पाणी वाया न घालवता त्याच उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळतात. आतली हवा पंपानं काढून टाकल्यामुळे दाब इतका कमी असतो की पाणी ५० अंशांच्या आसपासच उकळतं. लिंड यांना नडलेल्या लाकडांचा प्रश्न असा सुटला. पण एवढ्या कमी तापमानाला सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून नंतर क्लोरीन वगैरे द्यावं लागतं, आणि चव यावी म्हणून क्षार मिसळतात. शिवाय क्रूझ शिपवर रिव्हर्स ऑस्मोसिसचे प्लांट असतात. घरच्या आरओचंच तत्त्व, फक्त दाब ५५ ते ७० बार! किनाऱ्याजवळच्या घाण पाण्यात मात्र ही यंत्रं बंद ठेवतात.

आमच्या ग्रुपनं मिनी प्रोजेक्टला सोलर स्टिल केला होता. थर्माकोलचा डबा, काळा रंग, वर तिरकी काच. दिवसभर उन्हात मिठाचं पाणी ठेवून संध्याकाळी पेलाभर पाणी जमलं. काचेवरून घरंगळणारा एकेक थेंब बघताना समजतं की गोडं पाणी ही किती महागाची वस्तू आहे.

लिंड हे काही इंजिनिअर नव्हते. पण सगळे जण पाण्यात काय घालायचं याच्या चर्चा करत असताना, काहीच न घालता काय होतं, हे करून बघायचं त्यांना सुचलं. आपल्या डिझाइनमध्ये काय वाढवता येईल हे आपण नेहमीच बघतो. काय काढून टाकता येईल, हेही एकदा बघायला हरकत नाही. आणि हो, रॉबसारखी एखादी गोष्ट आपल्याला अगदी पटलेली असली, तरी तीसुद्धा बारा जणांवर तपासून घ्यावी. निदान पुढच्या वर्षीच्या फायनल प्रोजेक्टला तरी!