बोलणारा कवडसा

टेलिफोन कोणी शोधला असे गुरुजींनी विचारले की आपण सगळे एका सुरात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सांगतो. पण खुद्द बेल यांना टेलिफोनपेक्षा मोठा वाटणारा शोध वेगळाच होता.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. त्यांच्या आईला ऐकू कमी येई. पुढे ते अमेरिकेत बोस्टनला बहिऱ्या मुलांचे शिक्षक झाले. त्यांची पत्नी मेबल हीसुद्धा बहिरीच. १८७६ साली टेलिफोन झाला, नाव झाले, पैसा आला. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता.

आपण आरशाने वर्गाच्या भिंतीवर कवडसा पाडतो ना, बेल यांनी तोच बोलका केला. पातळ आरशाच्या मागून बोलायचे. आवाजाने आरसा थरथरतो आणि त्यावरून पुढे जाणारा उन्हाचा झोत कमी-जास्त होतो. पलीकडे सेलेनियम नावाचा पदार्थ ठेवलेला. त्यावर उजेड कमी-जास्त पडला की त्यातली वीजही तशीच कमी-जास्त होते आणि कानाला लावलेल्या टेलिफोनात शब्द उमटतात. मध्ये तार नाही नि काही नाही! याचे नाव फोटोफोन.

१८८० साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचे सहकारी टेंटर एका शाळेच्या छपरावर चढले (होय, शाळेच्याच!). बेल २१३ मीटर दूर प्रयोगशाळेत. ऐकू येत असेल तर खिडकीतून टोपी हलवावी, असे टेंटर उजेडातून बोलले आणि खिडकीत टोपी हलली. त्याच वर्षी झालेल्या मुलीचे नावही फोटोफोन ठेवायचे बेल यांच्या मनात होते. मेबलने ऐकले नाही, म्हणून बरे! मुलीचे नाव मेरियन ठेवले.

पण ढग आला की बोलणे बंद. धुके पडले, पाऊस आला की बंद. आपल्याकडे आषाढात तर तो मुकाच बसला असता. उजेडाला स्वतःची वाट हवी होती, ती तेव्हा कुणापाशी नव्हती. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल कॅनडात वारले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते. फोटोफोन मात्र मागेच पडला होता.

ती वाट पुढे काचेची निघाली. केसाएवढ्या काचेच्या तंतूत उजेड शिरला की कडेला आपटून पुन्हा आतच वळतो. काच फार शुद्ध केली तर उजेड लांब जाईल, हे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवले. १९७० साली अमेरिकेत तशी काच झाली, तरी एका किलोमीटरनंतर उजेडाचा शंभरावा भागच उरे. १९७९ साली आपल्या पुण्यात टेलिफोन केंद्रे अशा तंतूने जोडली गेली. आताच्या चांगल्या तंतूत ३५ किलोमीटरनंतरही पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे साधारण नसरापूरहून पुण्यापर्यंत, आणि तेही भर पावसात.