कारण विचारणारा शिक्षक : गोपाळ गणेश आगरकर

मरोद्याच्या मराठी कुटुंबांना अकोला स्थानक अपरिचित नाही. दुर्गहून मुंबईकडे निघालेली गाडी नागपूर, वर्धा, बडनेरा मागे टाकून तेथे पोहोचते आणि वऱ्हाडातील आप्तांकडे जाणारे अनेकजण तेथे उतरतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी याच गावी एक अतिशय गरीब मुलगा शिक्षणाच्या ओढीने नातेवाइकांच्या आश्रयास येऊन राहिला होता. पुढे सारे पुणे ज्याच्यावर संतापले, तो हा मुलगा म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू या गावी 14 जुलै 1856 रोजी त्यांचा जन्म झाला. घरच्या दारिद्र्यामुळे कऱ्हाडचे शिक्षण मध्येच थांबले. मामलेदार कचेरीत उमेदवारी झाली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम झाले, शिकण्याची सोय होईल या आशेने रत्नागिरीपर्यंत पायपीटही झाली. अखेर अकोल्यास 1875 मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्या दिवसांतली हकिकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली गेली आहे. त्या सदऱ्याइतकी मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांची आठवण मात्र कोणी ठेवत नाही. वास्तविक आगरकर घडले ते या ग्रंथांच्या वाचनाने. कोणतीही समजूत जुनी आहे किंवा सर्वमान्य आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, तिला पुरावा लागतो, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

याच काळात त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी तिची स्वाभाविक अपेक्षा होती. पोटापुरते मिळवून उरलेला सगळा वेळ लोकांच्या कामी खर्च करण्याचा आपला निश्चय त्यांनी तिला कळवला. डेक्कन कॉलेजातील त्यांचे स्नेही बाळ गंगाधर टिळक याच विचाराचे होते. 1 जानेवारी 1880 रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होताच आगरकर तेथे शिक्षक म्हणून आले, आणि जानेवारी 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले.

त्यानंतरची घटना त्यांच्या चरित्रात बहुधा देशभक्तीचा प्रसंग म्हणून येते. तिची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला असून दिवाण बर्वे यांचा त्यात हात आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. आधार होता तो काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी 1882 मध्ये दोघांना शिक्षा झालीच. डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे 101 दिवस गेले. महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी अहमदनगरच्या नजरकैदेत त्यांचा अंत झाला. परंतु संशयाला जागा असणे निराळे आणि हाती आलेला कागद खरा असणे निराळे. आपल्या मनातलेच बोलणारा पुरावा तपासायचे राहून जाते, आणि तसे ते आगरकरांसारख्या चिकित्सक माणसाच्या बाबतीतही घडले. तुरुंगात त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले. खटल्याच्या वेळी जामिनाची सोय करण्यात जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला होता, हेही नमूद केले पाहिजे.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. संस्था वाढत होत्या आणि मैत्री मात्र तुटत होती. आधी राज्य की आधी समाज, हा वाद विकोपास गेला. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 15 ऑक्टोबर 1888 रोजी ‘सुधारक’ काढला. इंग्रजी मजकुराची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

इतर सुधारक शास्त्रात अनुकूल वचन सापडते का हे आधी शोधत. आगरकरांना ही वाट पसंत नव्हती. विधवेचे केशवपन क्रूर आहे की नाही हे ठरवायला पोथी कशाला उघडायची, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात तर त्यांनी भुताखेतांच्या कल्पनेच्या मुळाशीच हात घातला. स्वप्न, सावली, मृत्यू यांचा अर्थ न कळलेल्या आदिमानवाने देहाहून वेगळे असे काही कल्पिले आणि त्यातून भुते व पुढे देवता निर्माण झाल्या, अशी मांडणी त्यांनी स्पेन्सरच्या आधारे केली. हा सिद्धान्त आज अभ्यासक जसाच्या तसा मान्य करीत नाहीत. आगरकरांचे मोठेपण हे की भुताला भिणाऱ्याची त्यांनी केवळ थट्टा केली नाही. ती भीती कोठून आली हे त्याला समजावून दिले. छत्तीसगढात टोनही ठरवून बायकांना छळण्याविरुद्ध 2005 मध्ये कायदा करावा लागला, महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा 2013 मध्ये झाला. ‘सुधारक’चे ते अंक किती जुने आणि किती ताजे, हे या दोन सालांवरून दिसते.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठी संमतीचे वय दहावरून बारा करण्यात आले. आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक विरोधात. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. स्वतःच्या अंत्ययात्रेचा गलबला घरात बसून ऐकण्याची पाळी किती माणसांवर आली असेल! त्याच घरात पत्नी यशोदाबाई श्रद्धेने पूजाअर्चा करीत असत. आगरकरांनी त्यांना कधी आडकाठी केली नाही. लेखणीने कोणाची गय न करणाऱ्या या माणसाची ही बाजू कमी सांगितली जाते, पण त्यांच्या विचाराशी ती पूर्ण सुसंगत आहे. पटवून द्यावे, लादू नये, हाच त्यांचा मार्ग होता.

दम्याने शरीर पोखरले होते. तशातच 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद आले. शिकवणे आणि ‘सुधारक’चे लेखन ही दोन्ही कामे त्यांनी सोडली नाहीत. 17 जून 1895 रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांचे निधन झाले. टिळकांनी ‘केसरी’त जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. आगरकरांच्या उशाशी एक पुडी सापडली असे सांगतात. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्यापुरते पैसे तीत बांधून ठेवले होते.