सोलापूरचे ठेकेदार : वालचंद हिराचंद

बार्शी लाईटची छोटी गाडी आपल्यातल्या ज्येष्ठ सभासदांनी पाहिली असेल, काहींनी तर तिच्यातून लातूर ते पंढरपूर वारीही केली असेल. ही लाईन 1911 साली लातूरला पोचली. त्याआधी तिचा येडशी ते तडवळे हा सात मैलांचा तुकडा ज्यांनी बांधला, ते दोघे भागीदार होते. एक लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी, वय विशीतलं.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. घराणं गुजराती जैन, पण सोलापुरात मुरलेलं. घरात व्यापार आणि सावकारी. पेढीवर बसून व्याज मोजत राहणं काही त्यांना रुचलं नाही. फाटकांना रेल्वेच्या कामाची खडान्‌खडा माहिती, आणि वालचंदांच्या मागे पेढीची पत. जोडी जमली ती इथे.

ठेकेदारीत पत एवढी का लागते, हे आपल्या इमारती उभ्या राहताना ज्यांनी बांधकाम समितीत काम केलं त्यांना सांगायला नको. टेंडर भरताना अनामत आधी द्यायची. मजुरांचा हप्ता आठवड्याला, खडी-चुन्याचे पैसे महिन्याला. बिल मात्र काम झाल्यावर, साहेबाने मोजमाप पुस्तकात सही केल्यावर. आणि त्यातूनही काही रक्कम शेवटपर्यंत कापून ठेवलेली. कागदावर नफा दिसतो अन् गल्ल्यात दमडी नसते! पुष्कळ ठेकेदार तोट्यामुळे नाही, तर या मधल्या काळात बुडतात. काम येणाऱ्या माणसाला पैशाची वेळ सांभाळणारा जोडीदार मिळाला, हीच फाटक-वालचंद पेढीची खरी ताकद, असं मला वाटतं.

तेव्हा मोठी कामं बहुतेक इंग्रज कंपन्यांकडे जात. ती मिळवायची तर भांडवलही तेवढंच मोठं हवं. म्हणून वालचंद टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत आले. तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या नळाचं काम, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, ही त्या काळातली त्यांची नावाजलेली कामं. बोगद्याचं काम म्हणजे जुगारच की! आत खडक कसला निघेल ते आधी कोण सांगणार, आणि दर मात्र टेंडरात ठरून गेलेला. पुढे टाटा बाहेर पडले आणि 1935 मध्ये तीच कंपनी प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली. त्याआधी 27 जानेवारी 1926 ला सुरू झालेली दुसरी कंपनी आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणून ओळखली जाते.

वालचंदांचं नाव निघालं की लोक जहाज, विमान, मोटार यांबद्दल बोलतात. ते खरंच आहे. 1919 ची सिंदिया कंपनी, 1940 चा बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, मुंबईची प्रीमियर मोटार, शिवाय वालचंदनगरचा साखर कारखाना. पण एकत्र कुटुंबात एक भाऊ नोकरी करतो आणि त्याच्या जोरावर बाकीचे धडपड करतात, तशी या पसाऱ्यात बांधकामाची जागा होती. प्रीमियर कन्स्ट्रक्शन ही तर समूहातल्या बाकी कंपन्यांचे शेअर धरून ठेवणारी मुख्य कंपनीच झाली.

हात फार पसरले, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. विमान कारखान्यातला त्यांचा हिस्सा युद्धकाळातच सरकारने विकत घेतला. जहाजगोदीही 1952 मध्ये मुख्यतः सरकारकडे गेली. एक एक गोष्ट हातची सुटत असताना ते स्वतः आजारी होते. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे ते वारले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सोबत होत्या. मूलबाळ मागे नव्हतं. कारभार भावांनी आणि पुतण्यांनी पुढे नेला.

बांधकाम मात्र थांबलं नाही. कोयनेचं धरण त्यांच्या माघारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननेच बांधलं. आपल्याकडच्या छोट्या लाईनीचे रूळही आता उखडले गेले, त्या जागी मोठी गाडी धावते, आणि येडशी स्टेशन अजून त्याच मार्गावर आहे.