विश्राम बेडेकर : परदेशवास आणि एका कादंबरीची जन्मकथा

आधुनिक कादंबरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी मायदेशाबाहेर राहिलेल्या लेखकांचा इतिहास आहे. जेम्स जॉइस १९०४ मध्ये डब्लिन सोडून गेला आणि त्रिएस्त, झुरिक, पॅरिस येथे आयुष्य घालवूनही लिहीत राहिला तो डब्लिनविषयीच. मराठीत इतका दीर्घ परदेशवास कोणा मोठ्या कादंबरीकाराच्या वाट्याला आल्याचे सहसा दिसत नाही. मात्र एका अल्प परदेशवासाने मराठी कादंबरीला एक वेगळे वळण दिले. तो परदेशवास वऱ्हाडात जन्मलेल्या विश्राम चिंतामण बेडेकर यांचा होय.

बेडेकरांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ रोजी अमरावती येथे झाला. वऱ्हाड त्या वेळी नुकताच मध्यप्रांताला जोडला गेला होता. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरलेली अमरावती दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकपक्षाचे एक ठाणे बनली होती. कापसाच्या व्यापाराने अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांत पैसा खेळत होता आणि त्यामुळे संगीत नाटक मंडळ्यांनाही वऱ्हाडचा दौरा हवाहवासा वाटे. राजकारण आणि रंगभूमी ही या परिसराची दोन आकर्षणे होती, आणि बेडेकरांच्या पुढील लेखनात या दोहोंचा प्रभाव स्पष्टपणे जाणवतो.

शिक्षणानंतर ते नाट्यव्यवसायाकडे वळले. मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकर यांच्या बलवंत संगीत मंडळीसाठी त्यांनी लिहिलेले ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक १९३३ मध्ये रंगभूमीवर आले. अहल्येची कथा त्यात नव्या दृष्टीने मांडलेली होती. परंतु तो काळ बोलपटाचा होता. नाटक मंडळ्या एकामागून एक मोडत होत्या. ‘बलवंत’नेही चित्रपटाचा मार्ग धरला आणि १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’च्या दिग्दर्शनात बेडेकर कोल्हटकरांचे सहकारी झाले. रंगभूमीने त्यांना संवादाची जाण दिली. प्रसंग तोडण्याची आणि जोडण्याची दृष्टी मात्र चित्रपटाची होती.

१९३८ हे वर्ष त्यांच्या चरित्रात निर्णायक ठरले. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून १९३३ मध्ये खळबळ उडवून देणाऱ्या ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजेच बाळूताई खरे यांच्याशी त्यांचा विवाह याच वर्षी झाला. त्या पुढे मालती बेडेकर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. याच सुमारास बेडेकर चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परतीचा प्रवास महायुद्धाच्या उंबरठ्यावर झाला. नोव्हेंबर १९३८ मधील अत्याचारांनंतर जर्मनीतील ज्यू मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होते. बहुतेक देशांची दारे बंद असताना शांघायला प्रवेशपत्राविना उतरता येत असे. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या बोटींवर घर गमावलेली माणसे आणि घरी परतणारे हिंदी प्रवासी एकत्र आले.

या भेटीतून ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी जन्मली. चक्रधर विध्वंस हा तिचा नायक प्रेमभंगाने कडवट झालेला आहे. बोटीवर त्याला हॅर्टा ही निर्वासित ज्यू तरुणी भेटते. मुंबई येताच त्याला उतरायचे आहे, तर तिला पुढे जायचे आहे. त्यांचे प्रेम अशा प्रकारे आरंभापासूनच मुदतीचे आहे. बोटीचा बंदिस्त अवकाश, मोजके दिवस, आठवणींचे मध्येच घुसणारे तुकडे आणि कोरडी, नेमकी भाषा यांमुळे ही छोटी कादंबरी फडके-खांडेकरांच्या वाचकाला सर्वस्वी अपरिचित ठरली. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही संज्ञाप्रवाही कादंबरी यायला अद्याप तीन वर्षे होती. छळछावण्यांची भीषणता जगापुढे येण्यापूर्वीच ‘रणांगण’ लिहिली गेली, ही बाबही लक्षणीय आहे.

जॉइसशी असलेला बेडेकरांचा फरक येथे स्पष्ट होतो. जॉइसने परक्या भूमीवरून आपले गाव उभे केले. बेडेकरांनी मायदेशी परतून, ज्यांना परतण्यासाठी देशच उरला नव्हता अशांचे दुःख मराठीत आणले. चक्रधरला उतरण्यासाठी बंदर आहे, हेच त्याचे भाग्य आणि हाच त्याचा अपराध, असा या कादंबरीचा नैतिक पेच आहे.

यानंतर बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. ‘रामशास्त्री’ (१९४४) च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. ‘लाखारानी’ (१९४५), ‘वासुदेव बळवंत’ (१९५०) आणि ‘रुस्तुम सोहराब’ (१९६३) हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. रंगभूमीसाठी त्यांनी ‘वाजे पाऊल आपुले’ आणि ‘टिळक आणि आगरकर’ (१९८०) ही नाटके लिहिली. यांपैकी दुसऱ्या नाटकात टिळकयुगाकडे त्यांनी वंदनाच्या नव्हे, तर दोन मित्रांच्या ताटातुटीच्या अंगाने पाहिले. ताटातूट हाच विषय येथे पुन्हा आलेला दिसतो.

‘एक झाड आणि दोन पक्षी’ (१९८४) या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मुंडक उपनिषदातील, फळ खाणारा आणि नुसता पाहणारा अशा दोन पक्ष्यांच्या रूपकावर त्याची उभारणी आहे. बेडेकर येथे स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहितात आणि अमरावतीच्या बालपणाकडेही त्रयस्थाप्रमाणे पाहतात. परदेशवासाने जॉइसला जे अंतर दिले, ते बेडेकरांनी निवेदनपद्धतीतून मिळवले. पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. ३० ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाच कादंबरीवर कादंबरीकाराचे स्थान टिकू शकते काय, हा प्रश्न त्यांच्या संदर्भात वारंवार उपस्थित होतो. निर्वासितांनी भरलेल्या बोटी आजही बंदराच्या शोधात फिरत असताना ‘रणांगण’ जुनी होत नाही, हेच त्या प्रश्नाचे उत्तर मानावे लागेल.