प्रार्थना आणि परिश्रम : पंडिता रमाबाई



आपल्या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो. पण प्रार्थना झाल्यावर काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर ज्यांच्या जीवनात मिळते, त्या पंडिता रमाबाईंचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. स्त्रियांनी शिकणे पाप समजले जाई, त्या काळात त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले.

पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये तेही पटकीने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत व्याख्याने देऊन मदत गोळा केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

येथेच त्यांची खरी कसोटी लागली. सदनात धर्माची सक्ती नव्हती. प्रत्येक मुलीला आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. हळूहळू सदनातील काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. पालकांची चिंता खोटी नव्हती. आपले मूल दुसऱ्याच्या हाती सोपविताना विश्वास लागतो. रमाबाईंचाही प्रश्न खरा होता. आपली श्रद्धा दार लावून लपवावी काय? त्यांनी दार लावले नाही, आणि त्याची किंमत सोसली. शाळा चालविणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रसंग आजही विचार करायला लावतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून त्यांना जवळच्या केडगावला आपल्या शेतावर ठेवले. हेच पुढे मुक्ती सदन झाले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. गुजरातमध्ये ज्याला छप्पनिया म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळातून वाचलेल्या इकडच्या शेकडो मुलींनाही तेथे आसरा मिळाला.

जानेवारी १९०५ पासून मुक्ती सदनात स्त्रिया रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या; त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. जूनच्या अखेरीस तेथे मोठी धर्मजागृती झाली आणि तिची वार्ता दूरदेशी पोहोचली. पण केडगावला केवळ प्रार्थनाच नव्हती. मुली शेती करीत, कापड विणीत, तेलघाणा आणि छापखाना चालवीत. अंध मुली ब्रेल शिकत. शेकडो मुलींचे जेवण रोज रांधावे लागे. प्रार्थनेने मनाला धीर येई आणि तोच धीर हातांना कामाला लावी. हेच रमाबाईंच्या जीवनातील संतुलन.

साध्या बाईलाही समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. या कामाला सुमारे १८ वर्षे लागली. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून झाला. संस्था आजही केडगावला सुरू आहे.

मित्रांनो, धर्म कोणताही असो, आपल्या डिंडोलीतही हेच दिसते. लूमवर बारा तासांची पाळी करून आलेले वडील आणि पहाटे डबा करणारी आई देवापुढे हात जोडतात, आणि पुन्हा कामाला लागतात. तुम्हीही परीक्षेपूर्वी अवश्य हात जोडा. पण मग तेच हात वहीकडे वळवा. सर्वांना शुभेच्छा!